गाडीचा मागचा डावा पाय

वहिनीची गाडी खरंच कलत होती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. दादाला नाही, वहिनीला तर नाहीच. तिला मी बरोबर उलटं सांगितलं, आणि इतकं पटेलसं सांगितलं की तिने ते आजपर्यंत जपून ठेवलंय.

मी तसा कमी बोलणारा. माझ्या धंद्यात फार बोलावं लागत नाही. चिंचपोकळी स्टेशनच्या बाजूच्या गल्लीत माझा गाळा आहे, तिथे मी हायड्रॉलिकची कामं करतो. म्हणजे तेलाच्या दाबावर जे जे वर उचललं जातं ते सगळं. गॅरेजचे जॅक, दाताच्या डॉक्टरांच्या खुर्च्या, हॉस्पिटलच्या खाटा, गणपतीच्या आधी मोठ्या मूर्तींच्या ट्रॉल्या. गिऱ्हाइकांची तक्रार बहुतेक एकच असते: उचलतं बरोबर, पण मग हळूहळू खाली बसतं. कुठून तरी थेंब थेंब तेल परत जात असतं. ते कुठून जातं ते शोधायचं, यात माझं आयुष्य गेलं.

आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. पुढच्या वर्षी दादाचं लग्न झालं आणि लालबागच्या आमच्या चाळीतल्या खोलीत वहिनी आली. मालवणकडची, बारीक अंगाची, आल्या आल्या मला म्हणाली, "तुझी नखां बघू." तिने मला वाढवलं असं म्हटलं तर ती हसेल. म्हणेल, "मी कसली वाढवतेय, तू आपला भात खाऊन मोठा झालास." पण भात तिच्या हातचा होता.

मी लग्न केलं नाही. त्याला काही मोठं कारण नाही, राहून गेलं. पुढे त्याच मजल्यावर मला एक खोली मिळाली, झोपायला तिकडे जायचो. जेवायला ताट मात्र वहिनीकडेच. गाळ्याचं शटर ओढलं, कपड्याच्या साबणाने हातांचं तेल काढलं की चालत लालबाग. वय पन्नाशीपार गेलं तरी माझा दिवस त्या ताटाशीच जाऊन संपायचा.

आमची चाळ गॅलरीकडे कललेली होती. पडायला झालेली नव्हती, नुसता एक कल होता तिला. हातातून लिंबू सुटलं की ते घरंगळत उंबऱ्याला जाऊन टेकायचं. त्यामुळे हरवलेली वस्तू शोधायला आमच्याकडे कुणी खाटेखाली वाकत नसे, आधी दारात बघायचं. घरोघरी खाटांच्या दोन पायांखाली लाकडाच्या पाचरी. कुणी खोली सोडून गेलं तर भांड्याकुंड्यांबरोबर आपल्या पाचरीही घेऊन जायचं, कारण त्या त्या खाटेला त्या बसलेल्या असायच्या. वहिनीच्या खाटेच्या पाचरी माझ्या वडिलांनी तासलेल्या, सागाच्या. दर दिवाळीला ती त्या काढून पुसायची आणि परत त्याच पायांखाली सरकवायची.

मग चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं. नवी घरं होईपर्यंत बिल्डर भाडं देणार, तोवर ज्याने त्याने आपली सोय बघायची. कुणी डोंबिवली धरली, कुणी विरार. दादाचं आयुष्य गिरगावातल्या एका छापखान्यात गेलेलं, यंत्राच्या आवाजाने कान निम्मे गेलेले. तो जे बोलतो ते मोठ्यानेच बोलतो. एकदा जेवताना त्याने सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "आपण गाडीत राहायचं!"

"कसल्या गाडीत?" वहिनी म्हणाली. "मालगाडीत?"

ती सिनेमावाल्यांची जुनी व्हॅनिटी व्हॅन होती. शूटिंगच्या जागी नट-नट्या जिच्यात बसून तोंड रंगवतात ती, बसएवढी. आत पलंग, ओटा, बेसिन, संडास, आणि एका अख्ख्या भिंतीला आरसा, त्याच्या चहूबाजूंनी गोल बल्ब. धंद्यातून काढलेली, म्हणून दादाला परवडली.

दादाचं डोकं फिरलंय असं मजल्यावर सगळे म्हणाले. पण त्याने नीट विचार केला होता. वहिनीची आई गावी होती, नव्वदीला आलेली, आणि हळूहळू विसरायला लागलेली. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग नातवंडांची. वहिनीला ती अजून ओळखत होती. रोज फोनवर विचारायची, "कधी येतलंस गो?" वहिनीला जायचं होतं, तिच्याजवळ राहायचं होतं, तिला ती ओळखतेय तोवर. पण वहिनीला कानाचा आजार. कानाच्या आतलं काहीतरी बिघडलं की माणसाचा तोल जातो, सगळं जग गरगर फिरतं, ओकाऱ्या होतात. बस नाही, रेल्वे नाही. बसून प्रवास म्हणजे दोन दिवस अंथरुणात. परळच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आडवं पडून जा, आणि जिथे झोपाल ती जागा सपाट हवी, कल अजिबात नको. गावी तिच्या भावाच्या घरात आईच्या खोलीत दुसरी खाट मावत नव्हती. मग दादाने हे काढलं. गाडीत वहिनीला निजवायचं, हळूहळू गावी न्यायचं, आणि आईच्या दारच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, गाडी उभी करून तिथेच राहायचं.

"आणि सपाट कशी करणार? खळ्यात उतार आहे," वहिनी म्हणाली.

"तेच तर!" दादा म्हणाला. "गाडीला पाय आहेत."

होते खरे. गाडीच्या पोटाखाली चार कोपऱ्यांना चार लोखंडी पाय होते. बटण दाबलं की पंप सुरू व्हायचा, पायांत तेल भरायचं, ते खाली उतरून जमिनीला टेकायचे आणि गाडी चाकांवरून जराशी वर उचलली जायची. जिथे उतार असेल तिथला पाय जास्त लांब व्हायचा. मग गाडी अशी सरळ की पेला काठोकाठ भरून ठेवावा. दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि बिघडले तर घरचा मेकॅनिक आहे."

गावाला निघायच्या आधी वहिनीने काही दिवस दुपारचं गाडीत झोपून बघायचं ठरलं; रात्री चाळ अजून होतीच. परळला एका बंद गिरणीच्या आवारात आम्ही गाडी लावली. तिथला पहारेकरी आमच्याच भागातला, त्याने हो म्हटलं. एका बाजूला काचेचा टॉवर, दुसऱ्या बाजूला गिरणीची उरलेली एक भिंत आणि चिमणी, मध्ये पर्जन्यवृक्षाची दाट सावली. बाहेर उड्डाणपुलावरची रहदारी, पण त्या आवारात तिचा आवाज लांबच्या समुद्रासारखा यायचा. दुपारी चिमणीची सावली आवारातून सरकत सरकत यायची, गाडीवर चढायची, खिडकीतून आत यायची, वहिनीच्या पलंगावरून जायची आणि पलीकडच्या खिडकीतून निघून जायची. मी हे रोज बघत होतो. त्या दिवसांत मला कधी कधी वाटायचं की सावली जागच्या जागी आहे आणि आमची गाडीच कुठेतरी चाललीय, फार सावकाश, पाण्यावरून जावी तशी.

पहिल्याच दुपारी वहिनी झोपली आणि उठली ती गरगरत. दादाने गाळ्यावर फोन केला तेव्हा मागून तिच्या ओकाऱ्यांचा आवाज ऐकू येत होता. मी धावत गेलो. ओट्यावर ठेवलेली वाटी एका कडेला जाऊन अडकली होती. गाडी मागे डावीकडे कललेली, नुसत्या डोळ्यांना दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो, तर त्याआधी दादाने एक पराक्रम करून ठेवला होता. त्याने टाकीचं झाकण उघडून पाहिलं, तेल कमी दिसलं, म्हणून काठोकाठ भरलं. पण पाय खाली असताना तेल पायांत असतं, टाकीत कमीच दिसणार. पाय वर घेतले की ते सगळं टाकीत परत येतं. मी बटण दाबून पाय वर घेतले आणि झाकणातून तेलाचा झरा सुरू झाला. गाडीखालून तो दादाच्या चपलांपर्यंत पोहोचला.

"अरे थांबव! थांबव!"

"दादा, तू भरलंस?"

"कमी होतं म्हणून भरलं. मी काय वाईट केलं?"

वहिनी कालची आजारी, खिडकीतून बघत होती. म्हणाली, "छापखान्यात शाई पण अशीच भरायचात का? तरीच पेपरातलं काही वाचता येत नव्हतं."

तेल पुसून मी कामाला लागलो. पायांच्या दांड्या कोरड्या होत्या, म्हणजे बाहेर गळती नव्हती. तेल आतल्या आत परत जात होतं. पाय खाली सोडले आणि वहिनीकडून कुंकू मागून घेतलं. चारी दांड्यांवर, जिथे दांडी नळीतून बाहेर येते तिथे, कुंकवाची एकेक बारीक रेघ ओढली. पाय खाली बसला की रेघ नळीच्या आत जाणार. वहिनी म्हणाली, "माझ्या कुंकवाने गाडीची पूजा चाललीय." दोन तासांनी तीन रेघा जागच्या जागी होत्या. मागच्या डाव्या पायाची रेघ नळीने गिळली होती.

म्हणजे पाय तरी खराब, नाहीतर त्याचा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह म्हणजे एक छोटं दार. तेल पायात जाऊ द्यायचं आणि मग घट्ट मिटून घ्यायचं, एवढं त्याचं काम. ते नीट मिटलं नाही तर तेल झिरपत परत जातं. शोधून काढायला वेळ हवा होता. तोवर मी दादाला ऑटोचं बटण दाखवलं. ते चालू ठेवलं की गाडी एका मर्यादेपर्यंत कलली की पंप आपोआप सुरू होतो आणि तिला परत सरळ करतो. कायमचा इलाज नव्हता तो, पण गाडी फार कलणार तरी नव्हती.

वहिनी दुपारी झोपायची, दादा बाहेर झाडाखाली पेपर वाचत बसायचा. ती उठली की सांगायची, "गाडी हळूहळू कलते, मग हुंकारते, मग सरळ होते."

दादाला पंपाचा हुंकार ऐकू येणं शक्यच नव्हतं. तो आत जाऊन दाराजवळचा पातळीचा बुडबुडा बघायचा. बुडबुडा मधोमध. "सरळ आहे गं!" तो ओरडायचा.

तिने सांगितलं ते तंतोतंत खरं होतं. एखाद्या मेकॅनिकनेही याहून नेमकं सांगितलं नसतं.

मग मी ठरलेली युक्ती केली. मागच्या डाव्या आणि मागच्या उजव्या पायाचे व्हॉल्व्ह काढून एकमेकांच्या जागी लावले. बिघाड व्हॉल्व्हमध्ये असेल तर तो आता उजवीकडे जाईल, पायातच असेल तर डावीकडेच राहील. हे मी त्या दोघांना सांगितलं नाही. कामात असताना मी सांगत नाहीच काही. दुसऱ्या दिवशी गेलो तर वहिनी आरशापुढे बसून केस विंचरत होती, चहूबाजूंचे बल्ब लागलेले. आरशातूनच मला म्हणाली, "आज उजवीकडे कलली रे. काल डावीकडे होती, आज उजवीकडे."

म्हणजे बिघाड व्हॉल्व्हमध्येच होता. गाडीखाली सरकलो आणि तो व्हॉल्व्ह उघडला. आत बारीक गोळी बसते त्या जागी, कडेला चिकटून, टेपचा एक पांढरा धागा होता. नळाच्या आट्यांना गुंडाळतात तो पातळ टेप. आधीच्या कुणीतरी गळती थांबवायला वापरला असणार, आणि त्याचा एक तुकडा तेलाबरोबर वाहत इथे येऊन बसला. दुधावरच्या सायीचा तंतू असावा तेवढा. त्या तेवढ्याने दार पूर्ण मिटत नव्हतं. चिमट्याने उचलला की काम संपलं.

मी तो चिमटा हातात घेतला होता. वर वहिनी फोनवर बोलत होती. मी खाली जमिनीवर पाठ टेकून, ती वर, मध्ये फक्त पत्रा. "येतलंय गे आये. गाडी बरी झाली काय लगेच येतलंय. तू जेवलंस?" मग फोन ठेवल्याचा आवाज. मग तिच्या पावलांचा. मग तिने टाचेने दोनदा पत्र्यावर ठोकलं. चाळीत ती अशीच दोनदा भिंतीवर ठोकायची, ताट वाढलंय म्हणून. "बाबू, चहा झाला. ये वर."

चिमणीची सावली गाडीखाली आली होती. मला वाटलं, हा धागा काढला की आठवड्यात ही गाडी निघाली. मग कोण ठोकणार? एवढंच वाटलं. त्याला मोठं नाव देता येईल, पण मी देत नाही. मला जेवायला बोलावणारं माणूस जाणार होतं आणि माझ्या हातात एक चिमटा होता.

मी धागा होता तिथेच ठेवला, व्हॉल्व्ह आवळला, हात पुसले आणि चहाला वर गेलो.

"सापडलं काही?" दादाने विचारलं.

"नाही. सगळं ठीक आहे."

"पण कलते ना रे," वहिनी म्हणाली.

तेव्हा मी ते बोललो. मी, जो कधी चार वाक्यं सलग बोलत नाही, तो बोललो. म्हटलं, "वहिनी, काल डावीकडे, आज उजवीकडे. अशी कुठली गाडी कलते? लोखंड असं रोज बाजू बदलत नाही. तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून कललेल्या जमिनीवर उभी आहेस. स्वयंपाक त्यावर, धुणं त्यावर. तुझ्या डोक्याला आता कललेलंच सरळ वाटतं. खरी सरळ जमीन मिळाली तर ती वाकडी वाटणारच. होईल सवय."

"आणि तो आवाज येतो तो?"

"फ्रिजचा आहे."

दादा मोठ्याने हसला. "म्हणजे गाडी नाही, बायको दुरुस्त करायला पाहिजे!"

वहिनीही हसली. जरा वेळाने तिने कपाळावर हात ठेवला, जसा ताप बघायला ठेवतात. "असेल बाई," म्हणाली. चाळीत राहिलेल्या माणसालाच पटेल असं खोटं होतं ते. बाहेरच्या कुणाला सांगितलं असतं तर तो हसला असता. आम्हाला तिघांनाही उंबऱ्याला टेकलेलं लिंबू माहीत होतं.

मग काही आठवडे गेले. किती ते मी मोजले नाहीत, मोजायचे नव्हतेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की ओळीने आठवडाभर शांत झोप लागली की निघा. ती लागत नव्हती. गाडी कलायची, हुंकारायची, सरळ व्हायची, आणि वहिनी स्वतःला सांगायची की यातलं काहीच होत नाहीय. मी रोज दुपारी गाळा बंद करून जायचो. तपासायच्या नावाखाली गाडीखाली पडून राहायचो, ऊन पानांतून गळताना बघायचो, वर तिच्या पावलांचा आवाज. टाचेची दोनदा ठोक. चहा, कधी घावणे, कधी शिरवाळे. इतका सुखाचा काळ माझ्या आयुष्यात आला नाही, हे लिहितानाही मला लाज वाटते आणि तरी तो सुखाचाच होता. त्या गाडीच्या आत माझं सगळं घर होतं, आणि ते कुठेही जात नव्हतं.

फोन मात्र बदलत चालला होता. आधी आईच म्हणायची, "कधी येतलंस गो?" मग वहिनीला आपलं नाव सांगावं लागायला लागलं. मग नावानंतर बापाचं नाव. एकदा मी खालून ऐकलं, वहिनी म्हणत होती, "मी गे आये, मी. तुझा चेडू." चेडू म्हणजे मुलगी. तिला पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. त्या दिवशी टाचेची ठोक उशिरा आली. तरी मी चिमटा काढला नाही.

काढला त्याच्या आदल्या दिवसाचं सांगतो. वहिनीने गाडीतल्या ओट्यावर आमटी केली होती. माझ्या ताटात वाढली आणि माझ्यासमोर उभी राहिली, हातात पळी.

"मीठ बरोबर आहे का रे?"

मला प्रश्न कळला नाही. तिने मला हे कधीच विचारलं नव्हतं. आमच्या घरात मिठाचा विषयच नसायचा. तिच्या हातचं मीठ म्हणजे ते बरोबरच.

"आहे की."

"नक्की ना? सांग हं खरं. मला आता काही कळेनासं झालंय. कललं तरी कळत नाही, सरळ असलं तरी कळत नाही. म्हटलं मिठाचं पण तसंच होत असेल. तू सांगशील ते खरं."

दादा तोंड घालून जेवत होता, त्याला ऐकू गेलं नव्हतं. मी आमटी प्यायलो. मीठ बरोबर होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, परीक्षेचा निकाल बघावा तशी, आणि मी "बरोबर आहे" म्हटल्यावर तिला जे हायसं वाटलं ते मी विसरू शकत नाही. पलंगाच्या कडेला तिच्या बोटांचे डाग मला तेव्हा दिसले. झोपेत ती ती कड धरून ठेवत असणार. कलतंय असं वाटलं की धरायची, आणि कुणाला सांगायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ते दोघं अजून चाळीतच होते तेव्हा, मी एकटा आवारात गेलो. व्हॉल्व्ह उघडला, धागा उचलला. तो बोटाला चिकटून बसला, फडक्याला पुसला तेव्हा सुटला. व्हॉल्व्ह परत लावला, दांड्यांवर कुंकवाच्या रेघा ओढल्या. कुंकवाची पुडी माझ्या पिशवीत राहून गेली होती. संध्याकाळपर्यंत चारी रेघा जागच्या जागी होत्या.

त्यानंतरच्या दुपारी वहिनी झोपली ती चिमणीची सावली पलीकडच्या खिडकीतून निघून जाईपर्यंत उठली नाही. उठली आणि बराच वेळ पलंगावर नुसती बसून राहिली. मी दारात उभा होतो.

"आज काही नाही झालं," ती म्हणाली.

आता सांगावं, हे मला अगदी स्पष्ट कळलं होतं. तोंड उघडलंही असेल.

"तू म्हणालास तेच खरं रे," ती म्हणाली. "सवय लागायला वेळ लागतो. लागली बघ."

मी मान डोलावली. ती डोलावलेली मान मी अजून विसरलो नाही.

आठवड्याने ते निघाले. ड्रायव्हर दादाच्या ओळखीचा. वहिनी पलंगावर आडवी, खिडकीचा पडदा सारून. निघताना तिने मला जवळ बोलावलं आणि पिशवीतून सागाच्या दोन पाचरी काढून माझ्या हातात दिल्या. "घे. तुझ्या नव्या खोलीत खाट हलली तर लाव. मला आता नकोत. तू मला सरळ करून दिलंस." आणि मग जरा थांबून, "वेळेवर जेव हं." गाडी गेटातून बाहेर पडली. आवारात तिच्या चार पायांचे चार चौकोनी ठसे उरले.

मी आता चिंचपोकळीलाच गाळ्याजवळ एका इमारतीत भाड्याने राहतो. फरशी नवी, सरळ. पाचरी खिडकीत ठेवल्यात, त्यांना लावायला जागा नाही. हात धुतले की पाय आपोआप लालबागच्या दिशेने वळतात, मग आठवतं, मग खानावळीत जातो. मी वाचवायला निघालो होतो ते ताट असं गेलंच.

ते गावी पोचल्यावर दादाने ओरडून कळवलं की गाडी खळ्यात एकदम सरळ उभी आहे, पाय जराही बसत नाहीत. वहिनीचा फोन काही दिवसांनी आला. मी विचारलं, "आई कशी आहे?"

ती म्हणाली, "बरी आहे. मी गेले, पायाला हात लावला, तर माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, 'कोणाचा चेडू गो तू?'"

मी गाळ्याचं शटर अर्धं ओढून घेतलं.

"भावजय म्हणाली, म्हयन्याआधी इलं असतंस तर वळाखला असता. तेव्हा दिवसातून एकदा तरी माझं नाव काढायची म्हणे. आता नाही." पलीकडे कुठेतरी कोंबडा ओरडला. "माझ्याच डोक्याने घोळ घातला रे बाबू. गाडी बरी होती, तू सांगत होतास, मीच आपली कलते कलते करत बसले. माझ्यामुळे उशीर झाला."

"नाही गं," मी म्हणालो. एवढंच म्हणालो.

आता रोज संध्याकाळी ती आईजवळ बसते. आई तिला शेजारची कुणी चांगली बाई समजते, तिच्या हातचा भात खाते, कधी कधी तिला विचारते की तुला मुलगी आहे का. वहिनी म्हणते, तेवढं तरी आहे. गाडीत झोप छान लागते. पलंगाची कड आता धरावी लागत नाही. आणि अजूनही, दादा सांगतो, आमटी केली की ती त्याला विचारते, मीठ बरोबर आहे का.

मी आजवर जितकी कामं केली त्यांत बिघाड सापडला आणि मी तो तसाच ठेवला असं हे एकच. बाकी मी कुणाचं काही बुडवलेलं नाही.

वहिनीला मला सांगायचं आहे की गाडी कलत होती, तिचं डोकं सरळ होतं, आणि उशीर माझ्यामुळे झाला. हे फोनवर सांगायचं नाही. तिच्या आईच्या खळ्यात जाऊन, तिच्यासमोर उभं राहून सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही. तेवढं मी तिचं देणं लागतो.